टोपलीचा बदला

पिंपरी
७ जून १९८१

प्रभावती,

अकबरशेठने मासळीची टोपली माझ्या डोक्यावर उपडी केली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. कॉलेजच्या पटावरून नाव नंतर कमी झालं असेल, पण कॉलेज सुटलं ते तिथेच, बंदरावर, भर दुपारी, अर्ध्या गावासमोर.

तू तेव्हा आजोळी होतीस. लोकांनी तुला मीठमसाला लावून सांगितलं असणार. म्हणून आता माझ्याकडून ऐक. मी मुमताजला मागणी घालायला गेलो होतो. एकटाच. आमच्यात असं कुणी जात नाही. वडीलधारे जातात, चहा होतो, बोलणं गावभर फिरून मग मुद्द्यावर येतं. अन्वरभाय म्हणाला होता, थांब, ईद होऊ दे, थोरला भाऊ म्हणून मी जातो. पण मला कुठला धीर! त्याच आठवड्यात शेठच्या ट्रॉलरने अन्वरभायची जाळी फाडून नेली होती, तीही किनाऱ्यालगत, जिथे छोट्या होड्या पोट भरतात तिथे. डोकं आधीच तापलेलं.

शेठ जेटीवर उभे. माल उतरत होता. बोटभर बांगडे, त्याहून बारीक सुरमई, डोळे फुटलेली कसलीकसली पिल्लं. सगळा ढीग खतात जाणारा. आणि मला काय झालं कोण जाणे, मागायला गेलो मुलगी आणि बोलायला लागलो जाळ्यावर. "शेठ, तुमच्या जाळ्याचा आस फार बारीक आहे. एवढ्या भोकातून पिल्लू सुटत नाही. आज पिल्लं मारलीत तर उद्या मोठी मासळी येणार कुठून?" शेठनी पुरतं ऐकून घेतलं. मग वाकून टोपली उचलली. "घे," म्हणाले, "कॉलेजात मोजायला ने."

सगळी जेटी हसली. मुमताज बापामागे माल निवडत बसली होती. तीही हसली. इतरांचं हसणं मला आठवतही नाही, तिचं मात्र अजून कानात आहे. माझा हात उठला होता, तो त्यांच्या तांडेलाने धरला, नाहीतर मी आज इथे नसतो, तुरुंगात असतो.

आता इथे म्हणजे कुठे, तर पिंपरीत. नूरबी खालाच्या यजमानांचं मोटार गॅरेज आहे, त्यामागच्या खोलीत. काम चिंचवडला, एका कारखान्यात. तिथे काय बनतं ते सांगितलं तर हसू नको. जाळी! समुद्र घाटापलीकडे, आणि इथे दिवसाच्या शिफ्टला नायलॉनच्या जाळ्यांचे डोंगर पडतात. माझ्या शेजारी चऱ्होलीचा सयाजी असतो. त्याने समुद्र पाहिलेला नाही. मला विचारतो, "हनीफभाऊ, दर्याला दुसरा काठ दिसतो का वो?" माझं काम जाळ्याचा खोला, म्हणजे शेवटची पिशवी, जिच्यात मासळी साठते ती, मुख्य जाळ्याला हाताने ओवून जोडायची.

काल ऑर्डरच्या फळ्यावर नाव वाचलं. अकबरशेठ. ट्रॉलरचं पूर्ण जाळं, खोल्याचा आस पंधरा मिलिमीटर. ते माझ्याच टेबलावर येणार आहे.

काय करायचं ते अजून ठरलं नाही. पण करणार.

हनीफ

ता. क. मुमताजचं काय चाललंय ते लिहू नको. लिहिलंस तर थोडक्यात लिही.


रत्नागिरी
२० जून १९८१

हनीफ,

पत्र पोचलं. तू जिवंत आहेस हे कळलं, बरं वाटलं. प्रयोगशाळेतली तुझी जागा कुणी घेतलेली नाही. तिथे आता स्टोव्ह ठेवलाय. तोही लवकर तापतो.

सुट्टीत मी संशोधन केंद्रात काम करतेय, सुमनताईंच्या हाताखाली. आठवतात ना, आपल्याला शिकवायला येणाऱ्या, गोल टोपी घालून बोटीवर जाणाऱ्या? पाऊस लागून बोटी थांबेपर्यंत रोज बंदरावर जायचं, उतरलेल्या मालातून नमुन्याला वाटा घ्यायचा, प्रत्येक मासा मोजायचा, पोट फाडून अंडी धरलीत का पाहायचं. माझ्या हातांचा वास आता साबणालाही जुमानत नाही. आई मला जेवायला वेगळं बसवते.

तू ज्या गोष्टीवरून टोपली डोक्यावर घेतलीस ना, तीच आता सरकारच्या टेबलावर आहे. सागरी मासेमारीचा कायदा येतोय. नियम काय असावेत हे ठरवायला समिती नोव्हेंबरात इथे सुनावणी घेणार. सुमनताईंचं म्हणणं दोन ओळींचं आहे. ट्रॉलरच्या खोल्याचा आस पस्तीस मिलिमीटरच्या खाली नको. आणि दहा वाव खोलीच्या आत ट्रॉलर नको, कारण मासळी अंडी घालते, वाढते ती तिथेच. हात पसरले की एक वाव, तर असे दहा. तेवढं पाणी होड्यांचं आणि पिल्लांचं.

ट्रॉलरवाले म्हणतात, पस्तीसच्या आसाने आम्ही धुळीला मिळू. आम्ही म्हणतो, वापरून पाहा. कुणी तयार नाही. सुमनताई दारोदार फिरल्या. तुझे अकबरशेठ म्हणाले, "ताई, चहा घ्या, खजूर घ्या, जाळ्याचं बोलू नका." एका ट्रॉलरवर एक पस्तीसचा खोला, एवढ्यावर सगळं अडलंय. समिती कागदावरच्या माशांवर विश्वास ठेवणार नाही.

आणि हे तुला कळायला हवं. सरत्या हंगामात अन्वरभाईंची होडी तीन दिवस जायची आणि चौथ्या दिवशी वाळूवर पडून राहायची. तुझ्या भाभीने परवा मला विचारलं, पिंपरीत खोली मिळते का, तिथल्या कंपन्या चाळिशीच्या माणसाला घेतात का. नियम झाला नाही तर पुढच्या हंगामात ते होडी विकणार. तुझा भाऊ लेथवर उभा राहिलेला मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

मुमताज बरी आहे. थोडक्यात लिहिलं.

प्रभावती


पिंपरी
५ जुलै १९८१

प्रभावती,

तुझ्या पत्रानेच वाट दाखवली, तेव्हा दोष अर्धा तुझा.

गेल्या रविवारी मी आणि सयाजी सायकली मारत भोसरीवरून चऱ्होलीला गेलो. कारखान्यातले टाकाऊ तुकडे सोबत होते, एक पंधराच्या आसाचा, एक पस्तीसचा. दोन्हींच्या पिशव्या शिवल्या. इंद्रायणीला पाणी अजून कमरेएवढंच होतं. सयाजी धोतर खोचून उतरला. "दर्या तुमचा आसल राव, हितं माझी नदी हाय. मी म्हनंल तिकडं वडायचं."

पंधराची पिशवी आधी ओढली. दोघांनी जोर लावला तरी हलेना. काठावर आणली तर आत चिखल, शेवाळ, कुणाची तरी चप्पल आणि मूठभर बारीक मासे, चिखलात चिरडलेले. सयाजी नखशिखांत राड्याने माखला. "ह्याच्यापरीस म्हशी धुतलेल्या बऱ्या," म्हणाला. मग पस्तीसची. ती तो एकटाच ओढत आला, गाणं म्हणत. आत तीन मासे, जिवंत, तळव्याएवढे. बारीक सगळे निसटलेले. "लई मायाळू हाय हे जाळं," सयाजी म्हणाला. "पोरांस्नी घरी लावून देतंय."

मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं. एकीकडे मूठभर, दुसरीकडे तीन.

शेठच्या जाळ्याला पस्तीसचा खोला लावलाय. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची रद्द झालेली ऑर्डर कोपऱ्यात पडून होती, त्यातला. ओवला आमच्या घरच्या पद्धतीने, दोन वेढे आणि तिसरा उलटा, बापाने मला आणि अन्वरभायला शिकवला तसा. कारखान्यात असा कुणी ओवत नाही. त्या जाळ्यावर माझं नाव लिहिता येणार नव्हतं, निदान हात तरी माझा असू दे.

गठ्ठा घट्ट बांधलाय, खोला मधोमध. आणि पाठवणार उशिरा, बोटी सुटायच्या तोंडावर पोचेल असा. उघडतील तेव्हा बदलायला वेळ नसेल. मग जाऊ दे शेठला खोल पाण्यात, फिरू दे दिवसभर डिझेल जाळत, आणि ओढू दे तीन-तीन मासे. रिकाम्या ट्रॉलरवरून उतरताना जेटी हसली पाहिजे. एकदाच. मला तेवढंच हवंय.

तुम्हाला एका ट्रॉलरवर पस्तीसचा खोला हवा होता ना? घ्या.

हनीफ


रत्नागिरी
३० ऑगस्ट १९८१

हनीफ,

मूर्खा! नालायका! तुझ्या डोक्यावर टोपली नाही, नांगर टाकायला हवा होता.

जाळं आलं. शेठनी जेटीवर गठ्ठा सोडला आणि खोला हातात घेऊन असे ओरडले की कावळे उडाले. तुमच्या कारखान्याला तार केली. जुना खोला मे महिन्यातच फाटून टाकून दिलेला, दुसऱ्या कुणाकडे जास्तीचा नाही, आणि सगळ्या बोटी निघालेल्या. तांडेल म्हणाला, "शेठ, हाच लावू, नवा येईपर्यंत." गेले तेच जाळं घेऊन.

तू विचार केलास का? उद्या कुणाला कळलं की जाळ्याची अदलाबदल करणारा पोरगा केंद्रातल्या प्रभावतीचा मित्र आहे, तर ट्रॉलरवाले म्हणतील, हे केंद्राचंच कारस्थान. सुमनताईंचं सात वर्षांचं काम पाण्यात. अन्वरभाईंची होडी विकली जाणार ती तुझ्या हाताने. तुला शेठचं हसं करायचंय, बाकी जग गेलं खड्ड्यात, असंच ना?

मला झोप लागेना, म्हणून सुमनताईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. "प्रभावती," म्हणाल्या, "जाळं कुणी मागवलं आणि कुणी पाठवलं, हे मासळीला ठाऊक नसतं. वजनकाटा काढ." म्हणून मी आता रोज शेठच्या मालाजवळ बसते.

त्यांचा एक निरोप आहे. आस कोरडा मोजला असशील तर ते माप चालणार नाही. नायलॉन भिजलं, ताण बसला, गाठी आवळल्या की भोक लहान होतं. उरलेला तुकडा रात्रभर पाण्यात ठेव, ताणून मोज, आणि कळव. निदान एवढं तरी नीट कर.

प्रभावती


पिंपरी
९ सप्टेंबर १९८१

प्रभावती,

शिव्या पोचल्या. आणखी असतील तर पाठव, पण आधी माझा आनंद ऐक.

ती तार मी डोळ्यांनी वाचली. आमचे सुपरवायझर लक्ष्मणराव ती पताकेसारखी हलवत आले. "हनीफ, हे काय रे? पंधराचं पस्तीस कसं झालं?" मी म्हटलं, "साहेब, फळ्यावर जे होतं ते." फळा कधीच पुसलेला. "बदली पाठव." म्हटलं, "मशीनवर दुसरी ऑर्डर आहे, दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही." सयाजी जाळ्यामागे तोंड लपवून खोकत होता.

तुकडा खालाच्या बादलीत भिजवला. ती म्हणाली, "या घरात मी कालवण त्या पाण्याशेजारी करते, तुला शरम?" ओला, ताणून, दहा ठिकाणी मोजला. पस्तीस भरतो, कुठे केसभर जास्त. कोरडा सदतीसच्या आसपास होता. सुमनताईंना सांग, कॉलेज सोडलं तरी मोजायला विसरलो नाही.

आता तू लिही. शेठ रिकामे येतात का? उतरताना कुणाकडे बघतात? तांडेल काय म्हणतो? लोक हसतात का? सगळं लिही, तपशीलवार. मुमताज तोंड कसं करते तेही.

हनीफ


रत्नागिरी
१८ ऑक्टोबर १९८१

हनीफ,

खाली बस. खालाला पाणी आणायला सांग.

पहिला आठवडा तुझ्या मनासारखा गेला. माल कमी. शेठ कुणाशी बोलत नव्हते. मग तांडेलाच्या लक्षात आलं की जाळं हलकं ओढतंय. इंजिन कण्हत नाही. तेवढ्याच डिझेलात ते आणखी बाहेर गेले, बारा-पंधरा वावांपलीकडे, कारण आत ओढून उपयोगच नव्हता, आत नुसती पिल्लं आणि ती सगळी निसटणार. आणि बाहेर, हनीफ, सुरमई होती, पापलेट होतं, मोठी कोळंबी होती. वर आली ती स्वच्छ, न चिरडलेली. आधी चिखल आणि कचरा निवडता निवडता बर्फ वितळायचा, माल मऊ पडायचा. आता निवडायला काही उरत नाही. दर चांगला येतो. सगळ्या बंदरावर सध्या बरा चाललेला ट्रॉलर एकच आहे. तुझ्या जाळ्याचा.

कारण सांगते. आस बारीक असला की खोल्यातून पाणी बाहेर पडत नाही. ते उलटं जाळ्याच्या तोंडाशी येऊन दाटतं आणि मोठी, चपळ मासळी तो दाब ओळखून बाजूने निघून जाते. आत येतं ते फक्त ज्यांना पोहता येत नाही ते. सुमनताईंनी हे आपल्या वर्गाला शिकवलं, तू निघून गेलास त्याच्या पुढच्या सोमवारी. मोठ्या आसातून मासळी निसटते इथपर्यंत तू शिकलास आणि उठलास. उरलेलं अर्धं लेक्चर तू शेठच्या ट्रॉलरवर पाठवलंस.

सुमनताई मात्र म्हणतात, एका बोटीच्या एका हंगामावर उड्या मारू नका. पण मोजमाप आमच्याकडे आहे, आणि समितीला जे दाखवायचं होतं ते आहे.

आता वाईट बातमी, म्हणजे तुझ्यासाठी. परवा ट्रॉलरमालकांची बैठक झाली. शेठ उठून म्हणाले, "तुम्ही सगळे ज्याला भीत होता, ते मी स्वतः विचार करून केलं. पस्तीसचा खोला मी मुद्दाम बनवून घेतला. दहा वावांच्या आत मी जात नाही, जाणार नाही." समितीसमोरही हेच सांगणार आहेत. टाळ्या वाजल्या.

प्रभावती


पिंपरी
२५ ऑक्टोबर १९८१

प्रभावती,

टाळ्या!

मी तीन दिवस कामावर गेलो नाही. ज्या माणसाने त्याच गोष्टीसाठी माझ्या डोक्यावर पिल्लं ओतली, तो आता ती गोष्ट स्वतःची म्हणून मिरवणार? आणि मी इथे गॅरेजमागे ग्रीसच्या वासात बसून पत्रं लिहिणार?

मी येतोय. सुनावणीच्या दिवशी येतोय. सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार, शेठ, तुम्ही पंधराचा मागवला होता. तार अजून लक्ष्मणरावांच्या खणात आहे. तुमची अक्कल नव्हे, माझी दुश्मनी होती ती. बघू मग कोण टाळ्या वाजवतो.

आणखी ऐक. त्यांची नवी ऑर्डर आलीय. त्याच आसाचे आणखी दोन खोले, "पूर्वीच्याच कारागिराकडून." आले माझ्याच टेबलावर. सयाजी म्हणाला, "आता काय, उलटं करायचं? पंधराचे धाडायचे?" गंमत करत होता. मी करत नव्हतो. पंधराच्या जाळ्याचं भेंडोळं समोरच होतं. समितीपुढे बढाया मारायच्या आणि ट्रॉलरवर पंधराचा खोला सापडायचा! मी कात्री हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी सयाजीने ती काढून घेतली. "चहा घ्या आदी."

सांग, या दोन्हींतलं कुठलं करू? दुसरं काही सुचवू नको.

हनीफ


रत्नागिरी
२ नोव्हेंबर १९८१

हनीफ,

दोन्ही नाही.

तू उभा राहून खरं सांगितलंस तर शेठची मान खाली जाईल, कबूल. आणि पुढच्याच मिनिटाला बाकीचे मालक उठतील. म्हणतील, म्हणजे हा प्रयोग नव्हता, घातपात होता. ज्या जाळ्याच्या जोरावर तुम्ही नियम मागता, ते एका चिडलेल्या पोराने कपटाने घातलेलं. आमची मापं खरी असली तरी कुणी ऐकणार नाही. समिती गाडीत बसून परत जाईल. पंधराचे खोले पाठवलेस तरी तेच. शेठ पडतील आणि त्यांच्याबरोबर नियम पडेल, आणि त्याखाली अन्वरभाई.

परवा अन्वरभाई भेटले. शेठचा ट्रॉलर आत येत नाही म्हणून एवढ्या दिवसांत एकदाही जाळं फाटलं नाही. "प्रभावती, काल जाळ्यात ढोमे मिळाले," म्हणाले. एवढंच. पण होडीला रंग देत होते. विकायच्या होडीला कुणी रंग देत नाही.

तुझी इज्जत मोठी की ती होडी, ते तू ठरव. मी पुन्हा सांगणार नाही.

सोबत एक चिठ्ठी आहे. दोन महिने मुमताज तुला लिहू दे म्हणून मला टोकत होती आणि मी ते तुझ्यापासून लपवत होते, कारण तू कागदावरसुद्धा भडकतोस.

प्रभावती

---

हनीफ,

मी हसले होते. खोटं कशाला सांगू? तुझ्या कानामागे बांगड्याचं पिल्लू अडकलं होतं आणि तू तसाच रागाने बोलत होतास. हसले, मग घरी जाऊन रडले. दुसरी गोष्ट कुणी पाहिली नाही.

खोला आला त्या दिवशी ओवण मी पाहिली. दोन वेढे, तिसरा उलटा. अन्वरभायच्या जाळ्यांवर मी ती लहानपणापासून बघतेय. कुणाचा हात आहे ते लगेच ओळखलं आणि अब्बांचं लक्ष जायच्या आत त्या ओवणीवर बसले. तांडेलाला म्हटलं, हाच लावा. कारण तू बदला घेतोयस हे कळलं, पण त्या दिवशी जेटीवर तू बोललास ते खरं होतं, हे मला रोज माल निवडताना दिसत होतं. पिल्लं माझ्याच हातांखालून जायची.

आणि बैठकीत अब्बा जे बोलले, ते मी त्यांच्या तोंडात घातलं. म्हटलं, अब्बा, बाहेरचं कुणी म्हणण्याआधी तुम्हीच म्हणा की कल्पना तुमची. त्यांना आवडलं. अब्बांना ओळखतोस ना? चार माणसांत दिलेला शब्द ते मोडत नाहीत, मग तो खोटा का असेना. आता त्यांना मरेपर्यंत पस्तीसच वापरावा लागेल, आणि दहा वावांच्या बाहेरच राहावं लागेल. हे दार तू उघडू नकोस.

ती टोपली मी लपवून ठेवलीय. पुन्हा यायचं तर आधी अन्वरभायला पाठव. आणि मासळीवर भाषण देऊ नको.

मुमताज


पिंपरी
१२ नोव्हेंबर १९८१

अकबरशेठ यांना सलाम.

हे पत्र तुम्हाला कोण लिहितंय ते खाली सही वाचण्याआधी कळेल.

तुमच्या ट्रॉलरवर जो खोला आहे, तो मी लावला. तुम्ही पंधराचा मागवला, मी पस्तीसचा पाठवला, मुद्दाम, उशिरा. तुम्ही रिकामे परत यावं, जेटीने तुम्हाला हसावं, एवढीच इच्छा होती. तुम्ही भरून आलात. त्यात माझी हार झाली, आणि ती मी कबूल करतो, कारण मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं आणि अर्ध्या शिक्षणावर दुश्मनी करायला निघालो होतो.

तुम्ही मालकांसमोर उभं राहून म्हणालात की कल्पना तुमची. ऐकलं तेव्हा वाटलं, येऊन तुमची पगडी सगळ्यांसमोर उतरवावी. सुनावणीला मी येणारच आहे. पहिल्या रांगेत, तुमच्या बरोबर समोर बसेन. आणि एक शब्द बोलणार नाही.

कारण मला आता कळलंय तुम्ही काय केलंत. शेठ, तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःला ओवून घेतलंत. सुनावणीत पुन्हा म्हणा, कल्पना माझी. मोठ्याने म्हणा, कोपऱ्यातल्यालाही ऐकू गेलं पाहिजे. मग पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मासळी कमी असो, डिझेल महाग असो, शेजारचा ट्रॉलर किनाऱ्याला घासून ढीग नेत असो, तुम्हाला पस्तीसचाच खोला टाकायचाय. दहा वावांच्या आत अन्वरभायची जाळी दिसली की सुकाणू वळवायचंय. दरवेळी वळवताना मी आठवेन. कुणाला सांगता येणार नाही, आणि विसरताही येणार नाही. टोपली माझ्या डोक्यावर एक क्षण होती. ही तुमच्या डोक्यावर जन्मभर राहणार.

हे पत्र कुणाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. मग आधी सांगावं लागेल की ती अक्कल तुमची नव्हती.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे नीट वाचा, पुन्हा लिहिणार नाही.

तुमचे नवे दोन खोले तयार आहेत. पस्तीसचे आहेत. भिजवून, ताणून मोजलेत. ओवण तीच, दोन वेढे, तिसरा उलटा. पाठवणीआधी लक्ष्मणरावांना मागची अदलाबदल सांगून टाकली आणि नोकरी सोडली. ते म्हणाले, "गधड्या, गिऱ्हाईक खूश आहे, तू कुठे चाललास?" म्हटलं, कॉलेजात. एक लेक्चर राहिलंय. सयाजी सोबत येतोय, दोन दिवसांची रजा टाकून. त्याला दर्याचा दुसरा काठ शोधायचाय.

सुनावणी झाली की दुसऱ्या दिवशी अन्वरभाय तुमच्या घरी येईल. तो काय विचारायला येईल, ते तुम्हाला माहीत आहे. मी दारात उभा असेन, गप्प. टोपली उपडी करावीशी वाटली तर करा. आता आतली मासळी मोठी असेल, लागेल मला. पण मी उभा राहीन.

खालाने भाकऱ्या बांधून दिल्यात. बॅग सयाजीच्या सायकलवर आहे आणि तो बाहेरून घंटी वाजवतोय. पाकीट बंद करतो, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतो. खोलीत आता माझं काही नाही. निघालो. आता दार ओढून घेतो.

हनीफ